वही घेऊन बंदरावर जाताना

मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या अनेक मुलामुलींची पहिली नोकरी प्रयोगशाळेत नसते, बंदरावर असते. जाहिरातीत पदाचं नाव काहीही असो – क्षेत्र सहायक, तांत्रिक सहायक, प्रकल्प सहायक – काम एकच. कुठली बोट आली, कोणत्या जाळ्यानं मासेमारी केली, किती वेळ केली, काय नि किती घेऊन आली, हे धक्क्यावर उभं राहून लिहून घ्यायचं. काही प्रकल्पांत बोटींऐवजी खाडीकाठी, जेटीवर, धरणाच्या पाण्याशी गरी टाकून बसलेल्या माणसांची अशीच नोंद घ्यावी लागते. या कामाला नव्यानं लागणाऱ्यांसाठी, आणि लागावं की नाही या विचारात असणाऱ्यांसाठीही, हा लेख.

मासे ओळखता येणं ही पहिली अट, असं सगळे सांगतात. ती आहेच, पण ओळख काही महिन्यांत बसते. बंदरावरच्या मावश्याच ती बसवून घेतात. खरी अवघड गोष्ट निराळी आहे. कुठं बघायचं, हे तुम्ही ठरवायचं नाही. धक्क्यावर मोठा घोळ मासा उतरला की सगळं बंदर तिकडे धावतं आणि तुमचेही पाय तिकडेच वळतात. पण तुमच्या वाट्याला आलेली बोट पलीकडे चार टोपल्या ढोमी घेऊन लागली असेल, तर त्या वेळी तुमची जागा ढोमीपाशी आहे.

यामागचं गणित आधी समजून घ्या, नाहीतर हा नियम निव्वळ सरकारी खाक्या वाटेल. देशाच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था काढते. १९४७ साली स्थापन झालेली ही संस्था ‘सीएमएफआरआय’ या नावानं ओळखली जाते. प्रत्येक बंदर, प्रत्येक दिवस, प्रत्येक बोट मोजणं कोणालाच शक्य नाही, म्हणून तिथे नमुना घेतात आणि तोही टप्प्याटप्प्यानं. महिन्याच्या पहिल्या पाच तारखांतून एक तारीख चिठ्ठीनं निघते. समजा ४ निघाली, तर ४-५, ६-७, ८-९ या दोन-दोन दिवसांच्या जोड्या ठरतात. महिन्याच्या उरलेल्या दोन भागांत दहा-दहा दिवस मिळवून १४-१५, २४-२५ अशा बाकीच्या. कोणत्या जोडीला कोणतं बंदर, हेही नशिबावर. पहिल्या दिवशी दुपारी १२ ते संध्याकाळी ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी १२ तुम्ही धक्क्यावर असायचं. मधल्या रात्री काय उतरलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी विचारून घ्यायचं.

मग बोटी. १५ किंवा कमी आल्या तर सगळ्या. १६ ते १९ असतील तर पहिल्या दहा आणि उरलेल्यांतल्या निम्म्या. २० ते २९ असतील तर दोनात एक, ३० ते ३९ ला तिनात एक, ४० ते ४९ ला चारात एक, ५० च्या वर पाचात एक. समजा ४४ बोटी लागल्या आणि सुरुवात तिसरीपासून निघाली: तिसरी, सातवी, अकरावी असं करत त्रेचाळिसावीपर्यंत अकरा बोटी तुमच्या. त्यांतली प्रत्येक बोट चार बोटींच्या वतीनं बोलते. सातवी रिकामी आली म्हणून तिच्याऐवजी भरलेली आठवी घेतलीत, तर चार रिकाम्या बोटी कागदावर भरून टाकल्यात. पुढे हेच आकडे जिल्ह्याच्या, राज्याच्या बेरजेत जातात, तिथे ही चूक शोधायला कोणी येणार नाही. म्हणून शून्य लिहायची लाज वाटू देऊ नका. नवशिक्याच्या वहीत शून्यं कमी दिसली की मला पहिली शंका तिथेच येते.

बोट नुसती मोजून भागत नाही, तिचे कष्टही मोजावे लागतात. दोन ट्रॉलर प्रत्येकी ६०० किलो राणी मासा घेऊन आले. एक चार दिवस बाहेर होता, दुसरा नऊ. बाजाराच्या लेखी दोघे सारखे. समुद्राच्या लेखी एकाला दिवसाला १५० किलो मिळाले, दुसऱ्याला जेमतेम ६७. साठा घटतोय का, याचा पहिला सुगावा या दिवसागणिक आकड्यात असतो, आणि तो टोपलीत दिसत नाही. तांडेलालाच विचारावा लागतो. किती दिवस बाहेर, जाळं किती वेळा ओढलं, एका वेळी किती तास, किती वाव पाण्यात, जाळ्याची आस केवढी, खलाशी किती. डोलीच्या गावात प्रश्न बदलतात. तिथे जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं, त्यामुळे बोटी परतायची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि उधाणाला मिळणारी मासळी भांगाला मिळत नाही. कालनिर्णय नाही तर भरतीचं कोष्टक खिशात नसेल, तर तुम्ही पोचाल तेव्हा बायका टोपल्या धूत असतील.

आता टोपलीकडे या. लिलावाच्या वेळी कोणी तुमच्यासाठी थांबणार नाही. हर्णैला किनाऱ्यावर लिलाव पुकारायला लागला की ढीग बघता बघता विकला जातो आणि पुढच्या ढिगाची बोली सुरू होते. ससून डॉकला, १८७५ पासूनच्या त्या जुन्या गोदीत, पहाटेच्या गर्दीत पाय ठेवायला जागा मिळवणं हेच काम असतं. म्हणून माल टोपलीत असतानाच, बोट रिकामी होत असताना मोजा. टोपल्या किती, ते मोजायचं. एक-दोन टोपल्या ताणकाट्यावर लावायच्या. ३० टोपल्या, वजन केलेल्या दोन भरल्या २४ आणि २६ किलो, म्हणजे सरासरी २५, एकूण ७५० किलो. रिकाम्या ओल्या टोपलीचं वजन आणि बर्फ आधी वजा करायला विसरू नका. मिसळीची मासळी असेल तर पाचेक किलोंचा नमुना वेगळा काढून जातीनुसार लावा. त्यात २ किलो ढोमी निघाली तर ७५० पैकी सुमारे ३०० किलो ढोमी.

नमुना टोपलीच्या वरून मात्र उचलायचा नाही. गिऱ्हाइकाला दिसावी म्हणून मोठी, चकचकीत मासळी वर रचलेली असते. हात तळापर्यंत घालावा लागतो. बरेच दिवस बाहेर राहिलेल्या ट्रॉलरवर तर खणात पहिल्या दिवसांचा माल खाली आणि शेवटचा वर असतो. वरच्या थरावरून अंदाज काढला तर तो शेवटच्या दोन दिवसांचा अंदाज होतो. शिवाय धक्क्यावर न येणारा माल असतोच: समुद्रात फेकलेला, बोटीवरच सुकवलेला, मधेच दुसऱ्या बोटीला दिलेला, खलाशांच्या कालवणाचा. त्याचा वेगळा रकाना ठेवा आणि चौकशी करा. आकडा मिळेलच असं नाही, पण ‘काही टाकलं’ आणि ‘काही टाकलं नाही’ यातला फरकही उपयोगी पडतो.

लांबी मोजणं कंटाळवाणं असतं आणि म्हणूनच त्यात घोटाळे होतात. थुंथणीच्या टोकापासून शेपटीच्या शेवटापर्यंतची पूर्ण लांबी वेगळी, शेपटीच्या खाचेपर्यंतची वेगळी. बांगडा, सुरमई, कुपा अशा दुभंग शेपटीच्या मासळीत दोन्हींत बराच फरक पडतो. कोणती मोजली ते पानाच्या माथ्यावर लिहिलं नाही, तर पान रद्दी. वाकटीची शेपूट बारीक होत जाते आणि हमखास तुटलेली असते, म्हणून तिथे गुदद्वारापर्यंतची लांबी विश्वासाची. कोळंबी नाकावरच्या काट्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत, चिंबोरी कवचाच्या रुंदीवर, माकूल पाठीकडून नुसत्या पिशवीची लांबी घेऊन, पाकट पंखापासून पंखापर्यंत. फळी सपाट ठेवा, मासा वाकवू नका, तोंड मिटवून टेकवा. नमुन्यातले मासे मोजायला घेतले की सगळे मोजायचे. मोठे हाताला आपोआप लागतात, मांदेलीतल्या बारीक तेवढ्या राहून जातात.

नावांच्या बाबतीत एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. माणसानं उच्चारलं तसं नाव एका रकान्यात, शास्त्रीय नाव दुसऱ्यात. रायगडातला जिताडा गोव्याकडे चोणक होतो. एकच नाव दोन बंदरांत दोन जातींना लागतं. शास्त्रीय नावंही स्थिर नसतात. पॅम्पस अर्जेन्टियस म्हणून आपण पाठ केलेलं आपल्या किनाऱ्यावरचं पापलेट अलीकडे पॅम्पस कॅन्डिडस मानलं जातं. संकेतयादी कुठल्या सालची ते पाहूनच भरा. शंका असली तर डाव्या बाजूनं, पर उघडून, शेजारी पट्टी ठेवून फोटो. पट्टी नसलेला फोटो आठवण म्हणून ठीक.

माणसांचा भाग मी मुद्दाम उशिरा घेतला, कारण तो पुस्तकात नसतो आणि त्यातच बहुतेक जण हरतात. वही घेऊन उभा राहिलेला माणूस बंदरावर मत्स्यखात्याचा, नाहीतर आयकराचा. हा संशय वेडगळ नाही. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये तो कडक झाला. पर्ससीनवर २०१६ मध्ये निर्बंध आले. २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरली, त्यात पापलेटाची १३५ मिलिमीटर. तुमची फळी नेमकी मिलिमीटरचीच असते. समोरच्याला वाटणार, हा आता दंड मारणार. तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं ठेवा: कुठून आलो, कशासाठी लिहितो, बोटीचं नाव वरती कोणाला देत नाही. आणि मग खरंच देऊ नका. एकदा जरी तुमच्या नोंदीवरून कोणाला नोटीस गेली, तर त्या बंदरात तुमचंच नव्हे, तुमच्यानंतर येणाऱ्याचंही काम संपलं. लहान पापलेट दिसलं तर लांबी लिहा, तोंडानं काही बोलू नका. राग येतो, मलाही येतो. पण तपासनीस आणि नोंदकार एकाच माणसात राहू शकत नाहीत.

“तांडेल मामा, कुठं होता या फेरीला?” हा प्रश्न “तुमची मासेमारीची खोली किती होती?” पेक्षा लवकर उघडतो. तांडेल दमलेला असतो, त्याला बर्फाचा हिशोब द्यायचा असतो. डिझेलचा, पाण्याचा, दलालाचा. दोर बांधून होईपर्यंत थांबा. आकडे ज्याच्याकडे असतात तो नेहमी तांडेल नसतोच. किती टोपल्या, काय भावानं, हे विकणाऱ्या मावशीला किंवा सोसायटीच्या कारकुनाला जास्त ठाऊक. दक्षिणेकडच्या मोठ्या बंदरांत खलाशी नेपाळी, कानडी असतात. तोडकंमोडकं हिंदी चालवून घ्या आणि त्यांना वगळू नका, जाळं त्यांनीच ओढलेलं असतं.

‘घे, कालवणाला ने’ हा प्रसंग येणारच. प्रकल्पाचा नमुना असेल तर पैसे मोजून घ्या आणि पावती नसली तरी रक्कम वहीत लिहा. भेट म्हणून दिली तर सरळ ‘नको’ म्हणून तोंड फिरवणंही उद्धटपणाचं. माझा रिवाज असा की नोंद पुरी होईपर्यंत काही हातात घ्यायचं नाही, आणि नंतर चहा तेवढा घ्यायचा. घरी पापलेट नेणारा नोंदकार पापलेटाचे आकडे कसे लिहितो, यावर बंदरात चर्चा होते.

जाळ्यात कासव, डॉल्फिन, बहिरी मासा सापडल्याचं कानावर येईल. बहिरी मासा, म्हणजे देवमुशी, २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अशा वेळीही नोंद हेच तुमचं काम. मात्र एक माहिती जवळ ठेवा, कारण लोक विचारतात. संरक्षित प्राणी जिवंत सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्याची योजना आहे. अर्ज मत्स्यखाते आणि कांदळवन कक्षामार्फत होतो. ही गोष्ट सांगणारा माणूस पुढच्या वेळी परका राहत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात: गमबूट, शिसपेन्सिल (शाई पसरते), जाड कागद, ताणकाटा, फळी, प्लास्टिकच्या पिशवीतला फोन. शेंगाळ्याचा काटा आणि पाकटाची नांगी मेल्यावरही लागते. लागली तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. मुलींनी पहाटेच्या पाळीआधी धक्क्यावर स्वच्छतागृह कुठं आहे, ते उघडं असतं का, याची चौकशी करून ठेवावी. आणि ही सोय होईपर्यंत पाळी बदलून मागावी, त्यात संकोच नको.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. तेव्हा बंदर शून्य असं समजून घरी बसू नका, बिगरयांत्रिक होड्या चालूच असतात. आणि याच दिवसांत खाड्यांवर, पुलांवर, खडपांवर गरवणाऱ्यांची गर्दी वाढते. त्यांची नोंद बोटींपेक्षा अवघड. बोट धक्क्याला लागते म्हणून सापडते. गरवणारा कुठूनही येतो, कुठूनही जातो.

जिथे येण्याजाण्याची एकच वाट आहे, अशा जेटीवर वाटेवर उभं राहावं आणि परतणाऱ्याला विचारावं. त्याचा दिवस पुरा झालेला असतो. लांबच लांब खाडीकाठावर मात्र फिरावं लागतं, आणि तिथे एक छुपा सापळा आहे. सहा तास बसणारा तुम्हाला भेटण्याची शक्यता तासभर बसणाऱ्याच्या सहापट. म्हणजे चिकाटीचे, जाणते गरवणारेच तुमच्या वहीत जास्त येणार. यावर उपाय असा की प्रत्येकाला ‘कधी बसलात?’ हे विचारायचंच, दर तासाला किती मिळाले ते माणसागणिक काढायचं, आणि नुकताच बसलेला, अर्ध्या तासाच्या आतला माणूस या सरासरीत धरायचा नाही. कष्टाची मोजणी वेगळी. दिवसातल्या चिठ्ठीनं ठरलेल्या वेळी काठावरून भरभर जात फक्त डोकी मोजायची. चार फेऱ्यांत १२, २०, ७ आणि ९ भेटले तर सरासरी १२. बारा तासांच्या दिवसाचे १४४ माणूस-तास. तासाला सरासरी अर्धा मासा पडत असेल तर दिवसाचे ७२ मासे. इतकं साधं गणित, पण मोजणी आणि मुलाखत एकाच फेरीत उरकायला गेलात की गप्पांत वेळ जातो आणि डोकी चुकतात.

गरवणाऱ्याची मासळी तीन रकान्यांत लिहायची पद्धत अमेरिकेतल्या सर्वेक्षणात आहे: तुम्ही स्वतः पाहिलेली, न पाहिलेली पण ठेवलेली किंवा मेलेली, आणि जिवंत सोडून दिलेली. आपल्याकडेही ती वापरावी. पिशवीत दिसणाऱ्या मुडदुशा मोजता येतात; ‘सकाळी एक तांबोशी हाताएवढी सोडून दिली’ ही तिसऱ्या रकान्यातली नोंद, आणि तिची लांबी तर अजिबात लिहू नये. सांगितलेले आकडे पाच, दहा, वीस असे गोल होत जातात, हेही ध्यानात ठेवा.

त्याच अमेरिकेत २००६ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेनं हौशी मासेमारीच्या सरकारी सर्वेक्षणाची झाडाझडती घेतली, आणि २०१३ पासून मुलाखतकारांची पद्धत बदलली. आधी त्यांना माणसं जास्त भेटावीत म्हणून जागा बदलायची मुभा होती. ती गेली. आता जागा नेमून दिलेली, सहा तासांची वेळ नेमून दिलेली, रात्रीचीसुद्धा. एकही माणूस न आला तरी तिथेच बसायचं. लोक जिथे जास्त तिथेच मोजलं की सगळा किनारा गजबजलेला दिसतो, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी मान्य करावं लागलं. आपण सुरुवातच तिथून करू शकतो.

खडपांवर पावसाळ्यात गरवणाऱ्याशी बोलताना त्याच्या मागे, उंचावर उभे राहा. लाट येते तेव्हा दोघांपैकी एकाचं तरी समुद्राकडे तोंड हवं. दोर हातात असताना प्रश्न नको, मासा लागलेला असताना तर नकोच. आणि एका माणसाकडे दोन गऱ्या असल्या तर माणूस एक, गऱ्या दोन, अशी दोन्ही नोंद करा.

घरी गेल्यावर जेवणाआधी वही उघडा. ओली पानं सुकवा, आकडे त्याच दिवशी उतरवून घ्या, टोपलीचं सरासरी वजन कुठून आलं ते समासात लिहा. जी नोंद आठवणीवर भरावीशी वाटते तिथे जागा मोकळी सोडून प्रश्नचिन्ह करा, आणि उद्या सकाळी लिलाव सुरू व्हायच्या आत त्या तांडेलाला पुन्हा गाठा.